धुऱ्यावरचा तंबू

मी अजिंठा तीन वेळा पाहिलाय, आणि तिन्ही वेळा पोरं मोजली. शाळेची सहल घेऊन गेलेल्या बाईला लेणी दिसत नाहीत, डोकी दिसतात. बत्तीस आत गेली आणि एकतीस बाहेर आली की परत पहिल्यापासून मोजायचं. भिंतीवरच्या एखाद्या चेहऱ्यापाशी जरा थांबावं, तर मागून आवाज येणारच, "मॅडम, यानं माही टोपी घेतली." तिसऱ्या खेपेला परतीच्या बसमध्ये पोरं मोजता मोजताच मी ठरवलं, चौथ्यांदा यायचं तर एकटीनं यायचं. आणि सायकलवर.

सायकल होतीच. डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचं नाव काढलं तेव्हा घेतलेली, गिअरची. तीन वर्षांत मी तिच्यावर मेहकरहून लोणारला गेले, दुसरबीडला गेले, एकदा सिंदखेडराजालाही जाऊन आले. पन्नाशीतली बाई डोक्यावर हेल्मेटचं टोपलं घालून चढ चढताना दिसली की सुरुवातीला लोक गाड्या हळू करायचे. आता करत नाहीत. सवय झाली त्यांना.

पण अजिंठा एका दिवसात होणारा नाही. माझ्या गतीनं जायला दोन दिवस, यायला दोन. मधल्या रात्री कुठे काढायच्या? एका गावच्या लॉजवर चौकशीला गेले होते. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, "सायकल." त्यानं वही बंद केली आणि खोली शिल्लक नाही म्हणाला. नातेवाईक म्हणाल तर आमच्याकडे पाच गावं ओलांडली की कोणीतरी निघतंच, आणि तेच तर अवघड. पाहुणी दारात आली की कोंबडी कापणार, अल्बम काढणार, दुसऱ्या दिवशी जाऊ देणार नाहीत, आणि जाऊबाई स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारणार, भांडण झालं का घरी? म्हणून तंबू.

आणखी एक कारण होतं. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगताना हसू झालं असतं. मी आयुष्यात एकही रात्र एकटी झोपले नव्हते. लहानपणी एका वाकळीवर आम्ही भावंडं आडवी, मधोमध मी. डी.एड.ला असताना एका खोलीत सहा जणी. मग लग्न, मग लेकरं. लेकरं मोठी होऊन गेली, पण शेजारी घोरणारे हे आहेतच. एकटं झोपताना माणूस कोणत्या कुशीवर झोपतो, जाग आल्यावर आधी काय ऐकतो, भीती वाटते ती नेमकी कशाची, हे मला माहीतच नव्हतं. आणि जे माहीत नाही ते मला स्वस्थ बसू देत नाही. हा माझा जुना रोग आहे.

मग मी मोबाइलवर तंबू पाहायला लागले. हे एक वेगळंच जग निघालं. कुठल्यातरी बर्फात बसलेली दाढीवाली माणसं तंबूच्या कापडावर तांब्यानं पाणी ओततायत, आतून बाहेरून हात फिरवतायत आणि अर्धा अर्धा तास बोलतायत. मला निम्मंही कळायचं नाही, तरी मी पाहायची. पुढे पुढे कळायला लागलं. सायकलवर न्यायच्या तंबूत वजन म्हणजे सगळं काही. दीड किलोच्या आत असेल तर तो हलका, किलोच्या आसपास असेल तर फारच हलका, आणि जितका हलका तितका तुम्ही कुठेतरी काहीतरी सोडलेलं असतं. काय सोडायचं, एवढाच खरा प्रश्न.

आता किलो आणि दोन किलो यांत फरक तो किती, हे मला अंगावर समजून घ्यायचं होतं. मी कॅरिअरला एक किलो तुरीची डाळ बांधून लोणार रस्त्यावरच्या चढापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी दोन किलो बांधली. तिसऱ्या दिवशी अडीच. हे दारात उभेच होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मेकॅनिक होते, आता रिटायर आहेत, आणि घरातल्या प्रत्येक हालचालीचं इन्स्पेक्शन करतात.

"डाळ फिरवून आणली का व?" ते म्हणाले.

"फरक पडते," मी म्हटलं. "दोन किलोले मांडीत जाणवते."

"शिजवून खाल्ली असती तं मांडीत ताकद आली असती."

पण त्यांनाही किडा लागला होता. दुसऱ्या दिवशी स्वतःच गच्चीवर खडू घेऊन आले. मोबाइलवर दिलेल्या मापांनी आम्ही गच्चीवर तंबू आखले. एकाचा, दोघांचा, एक पायाकडे निमुळता होत जाणारा. आणि मी एकेकात आडवी होऊन पाहिलं. शेजारीण कपडे वाळत घालत होती, ती हातातली चादर तशीच धरून उभी राहिली. निमुळत्या तंबूत माझे पाय खडूच्या रेषेबाहेर जात होते. एकाच्या चौकोनी तंबूत मी बसत होते, पण पिशवीला जागा नव्हती. मग दाराबाहेर कापडाची ओसरी असलेला, पिशवी तिथे राहील असा एक सापडला.

उंचीचा प्रश्न वेगळा. तंबूत उभं राहायचं नसतं, पण बसता आलं पाहिजे. मी भिंतीला टेकून मांडी घालून बसले आणि यांनी पेन्सिलनं डोक्यावर रेघ मारली. तंबू त्या रेघेहून बोटभर बुटका निघाला. मग लक्षात आलं की रेघ माझ्या अंबाड्यावर मारली होती. अंबाडा सोडला, वेणी घातली, आणि तंबू उंच झाला. उंच तंबू घेतला असता तर पावशेर वजन वाढत होतं. पावशेरासाठी मी अंबाडा सोडला.

एकेरी कापडाचा की दुहेरी, यावर त्या दाढीवाल्यांत मोठे वाद आहेत. एकेरी हलका पडतो, पण सकाळी आतून ओला होतो म्हणतात, पाऊस नसतानाही. हे मला आधी खोटं वाटलं. मग आठवलं, आमच्या वावरात सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्री टाकायचो आणि सकाळी ती उचलली की खालच्या बाजूनं थेंब लोंबत असायचे. वडील आमच्यावरच ओरडायचे, ताडपत्री नीट झाकली नाही म्हणून. ती आम्ही नीटच झाकायचो. ढीगच श्वास टाकत होता. मला इतकी वर्षं उगाच बोलणी खाल्ल्याचा राग आला आणि हसूही आलं. दुहेरी घ्यायचा ठरला, आतून जाळीचा.

रंगावर दोन दिवस गेले. यांचं म्हणणं, भडक घ्यावा, ट्रॅक्टरवाल्याला दिसला पाहिजे. माझं म्हणणं, बाईमाणूस एकटी झोपलेली कोणाला दिसूच नये. शिवाय आमच्याकडे रानडुकरं पळावीत म्हणून वावराभोवती जुन्या भडक साड्या बांधतात. लाल-पिवळा तंबू लावला तर डुकरं येणार नाहीत, पण मीही बुजगावण्यातच जमा. मी मातकट खाकी रंग घेतला.

आणि एकाचा की दोघांचा? ज्यानं त्यानं सांगितलं दोघांचा घे, थोडंसंच वजन जास्त, ऐसपैस होतं. गच्चीवर दोघांच्या तंबूच्या रेषांमध्ये मी पडून पाहत होते, तेव्हा हे शेजारच्या जागेत येऊन आडवे झाले. आम्ही दोघं आभाळाकडे पाहत होतो.

"मी येऊ का संगं?" त्यांनी विचारलं. थट्टेचा आवाज नव्हता.

मी नाही म्हटलं. म्हणताना वाईट वाटलं, पण खोटं बोलायचं नव्हतं. त्यांनी हातावरचा खडू झटकला.

"मंग एकाचाच घे," ते म्हणाले. "दोघाचा घेशीन तं रोज रिकामी जागा पाहशीन अन् मले फोन करशीन." मग उठता उठता त्यांनी अट घातली. "पण आधी एक रात्र एकटी झोपून दाखव. जवळपासच कुठी. झोप लागली तं जाय अजिंठ्याले, मी एक शब्द बोलत नाई. नाई लागली तं तंबू वापस."

मला अट मान्य होती, कारण तीच शंका मलाही होती.

एकच निर्णय मी त्यांच्या सल्ल्याविरुद्ध घेतला. काही तंबू आपल्या काड्यांवर स्वतःचे स्वतः उभे राहतात. काही मात्र खुंट्या ठोकून, दोऱ्या ताणूनच उभे राहतात. हे दुसरे बरेच हलके असतात. आमच्या घरचा मेकॅनिक म्हणाला, आपल्या पायावर उभं राहणारंच सामान घे. मी हलका घेतला.

पार्सल आलं. शाळेशेजारच्या अंगणवाडीत बाळं तोलायचा काटा असतो, त्याच्या झोळीत तंबूची पिशवी ठेवली. सव्वा किलोच्या आत. अंगणवाडीताई म्हणाली, "मॅडम, हे लेकरू लाल पट्ट्यात हाये, कुपोषित." माझा आनंद गगनात मावेना. गच्चीवर मात्र खुंटी ठोकायला माती नव्हती, म्हणून दोऱ्या पाण्याच्या टाकीला, विटांना आणि कपड्यांच्या तारेला बांधून तंबू कसाबसा उभा केला. गल्लीतून कोणीतरी विचारलं, कोणाचं लग्न आहे का. तंबू परत करायचा तर सोमवारपर्यंत मुदत होती, म्हणून त्याचं लेबल मी काढलं नव्हतं. हातात एकच शनिवार होता.

कुठे झोपायचं याचं उत्तर यांनीच दिलं. "तुह्या माहेरच्या वावरात जाय. तठी काय भेव?"

माझं माहेर साखरखेर्ड्याच्या बाजूचं. मेहकरहून सायकलनं सकाळी निघालं तर ऊन चढायच्या आत पोचते. भय कशाचंच नव्हतं, पण एक अडचण होती. माझे दोन भाऊ, एक माझ्याहून मोठा, एक धाकटा. वडील गेल्यावर दोघांनी वावर वाटून घेतलं, मधून धुरा टाकला, आणि त्या धुऱ्यावरून भांडले. धुरा म्हणजे दोन वावरांमधला हातभर रुंद बांध, त्यावर ना पेरता येतं ना काही. एकाचं म्हणणं तो माझ्याकडे सरकला, दुसऱ्याचं म्हणणं माझ्याकडे. सात वर्षं झाली, एकमेकांशी शब्द नाही. घरं एकाच गल्लीत. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत एक पुढे चालतो, एक मागे.

वाटणीच्या वेळी मी तहसीलला जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली होती. आमच्याकडे बहिणी करतातच. दोघांनी एकेक साडी दिली, एका दुकानातून नव्हे, वेगवेगळ्या. तेव्हा मी त्यावर काही विचार केला नाही, आणि नंतरही केला नाही.

मी माहेरी जायची ती असं. सकाळचं जेवण दादाकडे, दुपारचा चहा धाकट्याकडे, आणि शेवटच्या एसटीनं परत. पुढच्या वेळी उलट. रात्री राहिले असते तर कोणाकडे? ज्याच्याकडे राहीन तो जिंकला, दुसरा हरला. म्हणून सात वर्षांत मी माहेरी झोपले नव्हते. हे असं मांडून मी कधी पाहिलंच नव्हतं. तंबू सायकलला बांधताना पहिल्यांदा लक्षात आलं, की कोणाच्याच घरी न झोपता माहेरी झोपता येईल. मला एकदम फार उतावीळ वाटायला लागलं.

शनिवारची सकाळची शाळा करून निघाले. दोघांनाही कळवलं नाही. एकाला कळवलं असतं तर दुसऱ्याला आधी की नंतर, हा प्रश्न होताच. ठरवलं होतं की रात्र वावरात काढायची आणि सकाळी दोन्ही घरी चहा घ्यायचा. ऊन कलल्यावर मी वावरात पोचले. फेब्रुवारीचे दिवस. अलीकडे दादाचा हरभरा सोंगून झालेला, रान मोकळं. पलीकडे धाकट्याचा गहू ओंबीवर. दोघंही गावात होते.

दादाच्या मोकळ्या रानात तंबू पसरला आणि पहिली खुंटी ठोकली. दोरी ओढली तशी खुंटी सुईसारखी बाहेर आली. काळी माती, वर भुसभुशीत, खाली भेगा. सहा ठिकाणी ठोकून पाहिलं. तिरकी ठोकली, उभी ठोकली, वर दगड ठेवला. तंबू प्रत्येक वेळी मान टाकायचा. धाकट्याच्या बाजूला कालच पाणी दिलेलं, तिथे खुंटी गिळलीच जायची. मला मेकॅनिकचे शब्द आठवले आणि मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या, कारण ते बरोबर होते.

घट्ट जागा तिथे एकच होती. धुरा. सात वर्षांत त्याला नांगर लागला नव्हता, वर हराळी माजलेली. खुंटी दगडानं ठोकली आणि ती रोवली गेली ती हलेना. मी हरखूनच गेले. एका रांगेत खुंट्या ठोकल्या, नारिंगी दोऱ्या ताणल्या, बाजूच्या कडा दगडांनी दाबल्या, आणि खाकी तंबू ताठ उभा राहिला. थोडी हरभऱ्यात, थोडी गव्हात, मधोमध मी. ठोकण्याचा आवाज लांबवर जात असणार. वाटेनं मोटारसायकलवर कडबा नेणारा एक माणूस थांबला, माझ्याकडे नव्हे, दोऱ्यांकडे पाहत राहिला, आणि गाडी वळवून गावाकडेच गेला. मला वाटलं काही विसरला असेल.

मी आत शिरून चेन लावली. बाहेरचा उजेड आत मातकट होऊन येत होता. पाय लांब केले. बसून पाहिलं, वेणी लागत नव्हती. दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडे कापड. आयुष्यात पहिल्यांदा अशा जागेत होते जिथे दुसऱ्या कोणाला बसायला सांगावंच लागणार नव्हतं. मी नुसती पडून ऐकत होते. गव्हातून वारा कसा वाजतो हे मला पन्नास वर्षांत माहीत नव्हतं, कारण गव्हात मी कधी काम सोडून काही केलंच नव्हतं.

मग माणसांचे आवाज आले. दोन्ही बाजूंनी.

"नोटीस कुठी हाये?" एका बाजूनं दादाचा आवाज. "नोटीस देल्याबिगर मोजणी होत नाई! कोणाची गाडी आली? कोण हाये आत?"

"मी इडिओ काढून राह्यलो!" दुसऱ्या बाजूनं धाकटा. "धुऱ्याले हात लावायचा नाई!"

मला कळायला एक क्षण लागला. धुऱ्यावर खुंट्या, खुंट्यांना रंगीत दोऱ्या, खाकी कापड. आमच्याकडे कोणीही पाहिलं तर एकच अर्थ निघतो, भूमी अभिलेखवाले मोजणीला आले. कडबेवाल्यानं गावात जाऊन दोन्ही दारांत बातमी दिली होती. दादाला वाटलं धाकट्यानं मोजणी आणली, धाकट्याला वाटलं दादानं.

मी चेन उघडली आणि गुडघ्यांवर रांगत बाहेर आले. दादाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा होता. धाकट्यानं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरलेला.

"मी हाय, दादा," मी म्हटलं.

धाकट्याचा मोबाइल हळूहळू खाली आला. दादानं खुंट्यांकडे पाहिलं, दोऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचा आवाज एकदम खाली गेला.

"बाई," तो म्हणाला, "तुले हिस्सा पाह्यजे का?"

धाकट्याच्याही चेहऱ्यावर तेच होतं. सात वर्षांत पहिल्यांदा दोघांना एकच भीती वाटत होती, आणि ती माझी होती. मला राग आला. इतका, की जवळ पडलेला खुंटी ठोकायचा दगड मी उचलून मातीत आपटला. मी सही करताना एकदाही मागे पाहिलं नव्हतं, आणि हे दोघं इतकी वर्षं मी मागे वळून पाहीन म्हणून धास्तावले होते.

"हिस्सा नाई पाह्यजे," मी म्हटलं. "मले झोपाचं हाये."

"झोपाले घर नाई का?" धाकटा म्हणाला. "माह्यं घर काय पडलं का, ताई?"

"माह्या घरी चाल," दादा म्हणाला. "वहिनीनं चूल पेटवली."

"कोणाच्या घरी?" मी विचारलं. "सात वरसं झाले, मी माहेरी झोपली नाई. काऊन झोपली नाई, तुम्ही दोघायनं कधी इचारलं? कोणाच्या घरी झोपू ते तुम्ही दोघं मिळून ठरवा अन् मले सांगा. तोवर मी अथी हाय."

ठरवायला बोलावं लागलं असतं. दोघंही आपापल्या बाजूला उभे राहिले. दादा खाली पाहून मातीत चप्पल घासत होता. मग धाकटा न राहवून वाकला आणि तंबूचं कापड दोन बोटांत धरून चोळलं.

"पाणी आत नाई जात?" त्यानं मला विचारलं.

"नाई जात."

"वजन किती?" हे दादा, दुसऱ्या बाजूनं.

मी पिशवीत राहिलेल्या खुंट्या काढून दाखवल्या. अंगणवाडीच्या काट्याचं सांगितलं. धाकट्यानं डोकं आत घालून पाहिलं, दादानं खुंटी ओढून पाहिली, आणि ती निघाली नाही तेव्हा त्याला बरं वाटलेलं मला दिसलं. अंबाड्याचा किस्सा सांगितला तर दोघंही हसले, माझ्याकडे पाहून, एकमेकांकडे नाही. पण घरी चल म्हणायचं काही दोघांनी सोडलं नाही, आणि मी नाही म्हणायचं. शेवटी दोघं दोन वाटांनी गावात गेले.

दिवस मावळताना दोघंही परत आले. दादाच्या डोक्यावर बाज, धाकट्याच्या मोटारसायकलला आडवी बांधलेली दुसरी बाज. एकटी बाई वावरात कशी सोडायची, म्हणून दोघं राखणीला. एकानं हरभऱ्याच्या रानात बाज टाकली, एकानं गव्हाच्या कडेला. मधे मी. दोन घरांतून दोन डबे आले होते. मी दोन्ही डबे खाल्ले. एकीची भाजी तिखट झाली होती, कोणाची ते मी इथेही सांगणार नाही.

एकटं झोपायचा प्रयोग असा बोंबलला. तीन हातांवर एक भाऊ, चार हातांवर दुसरा. यांचा फोन आला, झोप लागते का म्हणून. मी म्हटलं, प्रयोग फसला, सोमवारी तंबू परत. आणि खरंच वाईट वाटलं मला. अजिंठ्यालाही आता पोरं मोजायलाच जाणार, असं वाटलं.

मी आत जाऊन चेन लावली. अजून नऊही वाजले नसतील.

"ताई," धाकटा बाहेरून म्हणाला, "त्यायले सांग, बॅटरी इकडं नका मारू म्हणा. डोळ्यावर येते."

"दादा, बॅटरी बंद कर," मी आतून म्हटलं.

"त्याले सांग, गव्हात रोही शिरतात म्हणून लावली." रोही म्हणजे नीलगायी.

"रोह्यांसाठी लावली म्हणते."

"सांग त्यायले, रोही गेले."

मी तेही सांगितलं. बॅटरी बंद झाली. आणि अंधारात पडल्या पडल्या मला दिसलं, की सात वर्षं मी हेच करत होते. फोनवर, चहावर, सणाला. याचं त्याला, त्याचं याला. दोघांच्या बोलण्याचा मीच धुरा झाले होते. दुपारभर सायकल चालवून अंग ठणकत होतं. मी ठरवलं, आता बोलायचं नाही. या तंबूत एकाचीच जागा आहे, तर आत एकटीच राहीन.

रात्र चढत गेली. वारा गार झाला.

"बाई," दादा म्हणाला. "झोपली का?"

मी गप्प.

"त्याले सांग, कानाले काही बांध म्हणा. गार लागलं की कान ठणकते त्याचा."

मी श्वासही हळू घेत होते. पलीकडे बाज करकरली.

"बाई?"

मी ओठ घट्ट मिटले. मला रडू येत होतं, आणि रडण्याचाही आवाज बाहेर जाऊ द्यायचा नव्हता, कारण माझा आवाज गेला असता तर ते पुन्हा माझ्याशीच बोलले असते.

खूप वेळ गेला. मला वाटलं दोघंही झोपले.

"अबे," दादा म्हणाला. "कान बांध."

गव्हातून नुसता वारा वाजत होता.

"हाव," धाकटा म्हणाला. "बांधतो." आणि मग थोड्या वेळानं, "तुमच्याजवळ वाकळ हाये ना?"

त्यापुढे ते दोघं काय बोलले, ते मला आजतागायत माहीत नाही. मला झोप लागली होती.